एका नंबरवर दोन माणसं

माझी नात ऋतिका हिचं नामकरण झालं त्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, माझ्या मुलाला कंपनीने कायम केलं. बुद्धवंदना झाली, बाळाचं नाव ठेवलं, खीर वाटून झाली आणि मग निलेशने खिशातून पत्र काढून माझ्या हातात दिलं. पत्र इंग्रजीत होतं. मी खालची सही तेवढी बघितली. त्याच्या वरच्या अनिरुद्ध साहेबाची सही. चौदा महिन्यांनी त्याच सहीचं दुसरं पत्र आमच्या घरात आलं, आणि त्या दिवसापासून मी त्या माणसाचं वाईट चिंतायला लागलो. ते लपवून काही सांगण्यात अर्थ नाही.

कंपनी साकीनाक्याची, पंप बनवणारी. देशभर तिचे कारखाने आणि गोदामं आहेत. मी तिथे सदतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बावीस टाइम ऑफिसच्या खिडकीत. तेव्हा गेटच्या आत एक लोखंडी फळी होती. फळीवर हुक, हुकावर नंबर कोरलेली पितळी टोकनं. कामगार आत येताना आपलं टोकन काढून पेटीत टाकायचा. फळीवर जे टोकन राहिलं, तो माणूस गैरहजर. नलिनीबाई नावाच्या क्लार्क होत्या. मी अडतीस वर्षांचा होतो तेव्हा त्यांनी मला त्या फळीसमोर बसवून अक्षरं शिकवली, कारण त्यांना टोकनाची वही भरायला माणूस हवा होता.

त्या वहीची गरज का होती ते सांगतो. आमच्या कंपनीत बाप निवृत्त झाला की मुलगा लागायचा. युनियनने ते करून घेतलं होतं. पण नंबर तोच राहायचा. शेवटच्या दिवशी बाप टोकन फळीवर अडकवत नसे. खिडकीसमोर उभा राहून ते मुलाच्या तळहातावर ठेवायचा, पेढे वाटायचे, आणि आम्ही म्हणायचो, ‘टोकन उतरलं.’ नवीन नंबर घ्यायला कुणी तयार नसे. बापाचा नंबर टाकून दुसरा घेतला तर बापाला टाकल्यासारखं वाटायचं लोकांना. म्हणून वहीत बापाच्या नावाखाली मुलाचं नाव, जन्मतारीख आणि टोकन उतरल्याची तारीख लिहावी लागे. एका नंबरवर दोन माणसं, कुठे कुठे तीन. २०१३ साली मी निवृत्त झालो तेव्हा टाइम ऑफिस पाडत होते. दोन वह्या रद्दीच्या ढिगात पडल्या होत्या. मी विचारून घरी आणल्या. नलिनीबाईंचं अक्षर होतं त्यांत, आणि पुढे माझं.

निलेश कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होता. त्याचं काम काय, असं मी त्याला एकदा विचारलं.

“बाबा, कंपनीत चौदा सॉफ्टवेअर आहेत. हजेरीचं वेगळं, पगाराचं वेगळं, कँटीनचं, स्टोअरचं, मेडिकलचं, निवृत्त लोकांचं. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. आता मध्ये एक सिस्टीम बसवतोय. प्रत्येकाने फक्त तिच्याशी बोलायचं. तीच सगळ्यांना सांगणार, हा माणूस कोण, कुठला, आहे की गेला.”

“म्हणजे टाइम ऑफिसची खिडकी.”

“तसंच समजा,” तो हसला. “फक्त ही खिडकी सगळ्या कारखान्यांना मिळून एकच.”

“आणि माणूस ओळखणार कशावरून?”

“टोकन नंबरावरून. तो चौदाही ठिकाणी आहे.”

मी म्हणालो, “अरे, मग बाप आणि मुलगा वेगळे कसे करणार?”

त्याला हे ठाऊकच नव्हतं. तो साहेब लोकांच्या मजल्यावर लागलेला, फळी त्याने कधी पाहिली नव्हती. मी त्याला सगळं समजावलं. बाप वारला तरी त्याची विधवा कंपनीच्या मेडिकलवर असते, म्हणून निवृत्तांच्या यादीत बापाचा नंबर मयत म्हणून चालूच राहतो, आणि त्याच नंबरावर मुलगा खाली मशीन चालवत असतो. निलेशचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्याने मीटिंगमध्ये अनिरुद्ध साहेबाला हे सांगितलं. साहेब या सगळ्या जोडणीचा प्रमुख. तो म्हणाला, “कारखान्यातल्या दंतकथा मला सांगू नकोस. नंबर म्हणजे नंबर. एक एप्रिलला चालू होणार म्हणजे होणार.” निलेशने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा साहेब म्हणाला, “बरं, मग जोडणी तूच चालव, तुझ्या लॉगिनने. चुकलं तर कळेलच आपल्याला.” निलेशला वाटलं, साहेबाने विश्वास टाकला.

एक एप्रिल २०२४ ला सकाळी माझा फोन वाजला. पलीकडे धाकू राऊळ. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, पण दोस्त. मूळचा कुडाळकडचा, राहायला वाकोल्याला. त्याच्या बापाचं, बाबाजीचं टोकन त्याच्या हातावर उतरलं तेव्हा फळीजवळ मीच उभा होतो. नंबर ४१८.

“काय रे धोंड्या, तुझ्या झिलान, निलेशान, माका मारल्यान मरे!”

“काय झालं?”

“गेटवर मशीन म्हणता, तू मेलंस. दोन हजार आठ साली. मी म्हटलंय, ता माझो बापूस. मशीन आयकता थोडाच! वॉचमन म्हणता, काका, आत सोडू शकत नाय, तुमी मयत.”

“मग?”

“मग काय? भायर हुभो रवान चाय पितंय. बायलेक, मालनीक फोन करून सांगितलंय, पिंड ठेव, कावळो शिवता काय बघूया.”

मी हसलो. त्या दिवशी सगळेच हसत होते. संध्याकाळपर्यंत आकडा कळला. दोनशे सत्त्याऐंशी माणसं. बाप मेलेले होते, त्यांच्या मरणाच्या तारखा मुलांना लागल्या होत्या. पगार थांबले, कँटीनची कार्डं थांबली, मेडिकलची थांबली. धाकूची किडनी गेलेली होती. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, तो सांताक्रूझला डायलिसिसला जायचा आणि सगळं कंपनीच्या कार्डावर चालायचं.

चौकशी झाली. जोडणी कोणाच्या लॉगिनने झाली? निलेश खरातच्या. धोका आधी सांगितला होता का? तोंडी सांगितला होता. तोंडी सांगितल्याला पुरावा नसतो. अनिरुद्ध साहेब म्हणाला, असं काही आपल्याला आठवत नाही. बारा एप्रिलला निलेशच्या हातात पत्र आलं. ‘गंभीर निष्काळजीपणा.’ त्या दोन शब्दांचं मराठी मीच त्याच्याकडून करून घेतलं. त्यानंतर त्याने अंधेरीत दोन ठिकाणी आणि मुलुंडला एका ठिकाणी मुलाखत दिली. तिन्ही ठिकाणी पसंत पडला, आणि तिन्ही ठिकाणी जुन्या कंपनीला फोन गेल्यावर पुढचं बोलणं बंद झालं. मे महिन्यात तो जोगेश्वरीला एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. घरी आला की मुलीला खेळवायचा, आमच्याशी बोलायचा नाही.

याच सुमाराला धाकूने मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कंपनीच्या हॉलमध्ये अनिरुद्ध साहेब माइकवर बोलत होता. कोट घातलेला, एक हात खिशात. म्हणत होता, “एका ज्युनियर मुलाच्या चुकीमुळे आपल्याला हा त्रास झाला. आता आपण तो बाजूला केलेला आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाजूला केलेला आहे. जणू रस्त्यातला दगड. मी तो व्हिडिओ रोज सकाळी गोळी घेतल्यावर एकदा बघायचो. बायको, सुंदरा, म्हणायची, “कशाला बघता? रक्तदाब वाढतो.” मी म्हणायचो, “वाढू दे.” मला त्या माणसाचा खिशातला हात बाहेर काढायचा होता. त्याच लोकांसमोर, त्याच माइकवर.

संधी त्यानेच दिली.

मेलेली माणसं कॉम्प्युटरमध्ये जिवंत करायचं काम कंपनीने दीप्ती नावाच्या मुलीला दिलं होतं. ती दिवसभर एकेकाचे दाखले बघून नोंद दुरुस्त करायची. रात्री ती मधली सिस्टीम आपली यादी चौदाही ठिकाणी परत पाठवायची, आणि सकाळी सगळे पुन्हा मयत. निलेश म्हणाला, “मुळातली यादीच चुकीची आहे. कोणता माणूस कोणत्या तारखेपासून त्या नंबरावर आला, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय ती सुधारणार नाही. जुनी कागदपत्रं गोदामात भिजून गेली. एकेकाची फाइल उकरायची तर सहा महिने जातील.”

धाकूचं डायलिसिस दीप्तीमुळे चालू होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातला ती घरून त्याला जिवंत करायची, तो दहाला हॉस्पिटलात पोचायचा, दुपारी बाहेर यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मेलेला. तिला तो ‘सावित्री’ म्हणायचा. ती लाजायची म्हणे.

दीप्तीने नलिनीबाईंना बोरिवलीला शोधून काढलं, आणि नलिनीबाईंनी माझं नाव सांगितलं. मेच्या शेवटी तिचा फोन आला.

“काका, टोकनाच्या वह्या तुमच्याकडे आहेत?”

“आहेत.”

“खरंच? काका, देव पावला! मी उद्या येते घ्यायला.”

“तू येऊ नकोस, बाळ. तुझ्यावर माझा राग नाही. अनिरुद्ध साहेबाला पाठव.”

 मग हळूच म्हणाली, “ते येणार नाहीत, काका.”

“मग वह्याही येणार नाहीत.”

निलेशला कळलं तेव्हा तो चिडला. “बाबा, देऊन टाका. माणसं अडकलीत.”

“तू अडकलायस ते?”

“माझं मी बघीन.”

“बघतोयस ना, जोगेश्वरीला बसून. गप बस. ज्याने तुझं नाव घालवलं तोच ते परत करणार, आणि माझ्या दारात येऊन करणार.”

पहिल्यांदा हर्षद नावाचा अधिकारी आला, चाळिशीचा, सुक्या मेव्याचा डबा घेऊन. आम्ही असल्फ्याला पुनर्वसनाच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद होती. तो दारात धापा टाकत उभा राहिला.

“काका, साहेबांनी प्रेमाने पाठवलंय.”

“साहेबाचे पाय दुखतात का?”

“ते फार बिझी असतात हो.”

“मी रिकामा आहे. मी थांबतो.” डबा मी त्याच्याच हातात परत ठेवला. तो गेल्यावर सुंदरा म्हणाली, “पाणी तरी विचारायचं होतं.” मला बरं वाटत होतं. खूप दिवसांनी भूक लागली होती.

तीन जूनपासून कंपनीत बाहेरचे ऑडिटर बसले. त्यांनी हाताने होणाऱ्या सगळ्या दुरुस्त्या बंद करायला सांगितल्या. म्हणजे दीप्तीला धाकूला जिवंत करता येईना. पहिल्या सोमवारी त्याने पदरचे भरून डायलिसिस करून घेतलं. बुधवारी एका ट्रस्टच्या केंद्रात कसाबसा नंबर लागला. शुक्रवारी कुठेच लागला नाही. मी पैसे देऊ केले. तो म्हणाला, “नको रे. माझा कार्ड आसा, भीक कित्याक?” बत्तीस वर्षं त्या कंपनीत राबला होता तो. त्याचा हा ताठा मला ठाऊक होता, म्हणून मी जास्त आग्रह केला नाही. करायला हवा होता.

शनिवारी, आठ जूनला, अनिरुद्ध साहेब स्वतः आला.

सहा मजले चढून आल्यावर त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, पंख्यापासून लांबच्या. सुंदराने पाण्याचा तांब्या उचलला, मी तिच्याकडे बघितलं, तिने तो परत ठेवला. आमच्या घरात आलेल्याला पाणी विचारलं नाही असं तोवर कधी झालं नव्हतं. पाणी नाकारलं जाणं काय असतं ते माझ्या बापाला चांगलं माहीत होतं. तरी मी ते केलं, आणि करताना मला गोड वाटलं.

“काका,” तो म्हणाला, “ती वही कंपनीची मालमत्ता आहे, हे तुम्हाला माहीत आहे ना?”

“रद्दीची होती. मुकादमाला विचारून आणली.”

“मी पोलिसांत जाऊ शकतो.”

“जा. साकीनाका पोलीस स्टेशन उतारावरच आहे. ते वर चढेपर्यंत वही गॅसवर ठेवायला मला दोन मिनिटं लागतील.”

निलेश आतल्या खोलीत होता. तो दारात आला, साहेबाकडे बघितलं आणि परत आत गेला. साहेबाने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिथे माझं डोकं आणखी तापलं.

“तुम्हाला काय हवंय?” साहेबाने विचारलं.

“खरं काय घडलं ते लिहून द्या. निलेशने तुम्हाला तीनदा सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही, त्याची चूक नव्हती. मराठीत. हाताने. मला इंग्रजी येत नाही.”

 चौदा जूनला त्याला संचालकांसमोर उभं राहायचं होतं, हे दीप्तीने आधीच बोलता बोलता सांगितलं होतं. तोपर्यंत यादी दुरुस्त झाली नाही तर तो स्वतःच बाजूला होणार होता. शेवटी त्याने कागद मागितला. मी ऋतिकाच्या चित्रांच्या वहीतला दिला. तो हळूहळू लिहीत होता, पहिलीतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढून. मी शेजारी उभा राहून एकेक ओळ वाचत होतो. लिहून झालं, सही झाली. त्याने हात पुढे केला.

“वही.”

इथे मी ती द्यायला हवी होती. सुंदराही मला खुणेने तेच सांगत होती. निलेशचं नाव त्या कागदावर मोकळं झालं होतं. पण मला तो हॉल दिसत होता, तो माइक आणि टाळ्या. कागद घडी घालून खिशात जातो. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, सगळ्यांसमोरच परत घ्यायला हवं होतं.

मी म्हणालो, “सोमवारी सकाळी आठला, पहिल्या पाळीच्या वेळी, गेटवर माइक लावा आणि हेच वाचून दाखवा. वाचून झालं की तिथेच वह्या देतो.”

“हे आधी नव्हतं ठरलं!”

“आता ठरलं.”

“तुम्हाला मला संपवायचंय.”

“तुम्हाला बाजूला करायचंय,” मी म्हणालो. “तुमचाच शब्द आहे.”

त्याने तो कागद फाडला, तुकडे खुर्चीवर टाकले आणि निघून गेला. खाली उतरताना त्याच्या बुटांचा आवाज चार मजल्यांपर्यंत येत होता. निलेश बाहेर आला. त्याने तुकडे गोळा केले, टेबलावर जुळवून बघितले, आणि मला म्हणाला, “हे माझं होतं, बाबा. तुमचं नाही.”  मला खात्री होती, दोन दिवसांत साहेब वाकणार.

रविवारी धाकूचा फोन आला. आवाज बसका होता, मध्ये मध्ये दम घेत होता.

“इलो म्हणे साहेब तुझ्याकडे?”

“आला होता. पळाला. पण येतोय लायनीवर.”

“नाचव तेका, बरो नाचव. पण लवकर नाचव रे, धोंड्या. माझ्या पायात पाणी भरलाहा.”

“दोन दिवस थांब.”

“माझे दोन दिवस म्हंजे किती, ता डॉक्टराक विचार.” मग तो हसला, आणि हसता हसता खोकला. “थांबतंय. आमी राऊळ थांबाक भितव नाय. साहेब माइकवर वाचता तेवा मी फुडे हुभो रवान बघतलंय.”

मी तेव्हा काय केलं असतं तर चाललं असतं, ते मी पुष्कळदा मोजलं आहे. वहीचं एक पान, ४१८ नंबरचं, फोटो काढून दीप्तीला पाठवता आलं असतं. ते पान ऑडिटरला दाखवलं असतं तर तेवढं एक नाव सुटलं असतं, असं ती मला पुढे म्हणाली. रविवारी ते मला सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं. मी वही काढून ते पान उघडलंही. बाबाजी राऊळ, खाली धाकू बाबाजी राऊळ, माझ्याच अक्षरात. मग वाटलं, एक पान बाहेर गेलं की साहेबाला वाटेल, म्हातारा नरमला, आणखी पानंही सुटतील. मी वही बंद केली. धाकूच म्हणतोय ना, नाचव म्हणून. असं स्वतःला सांगितलं.

सोमवारी गेटवर माइक लागला नाही. धाकू हॉस्पिटलात गेला, कार्ड चाललं नाही, काउंटरवरच्या माणसाने मयत म्हणून परत पाठवलं. सरकारी रुग्णालयात त्याने नाव घातलं, त्यांनी आठ दिवसांनंतरची तारीख दिली. मंगळवारी युनियनवाले साहेबाच्या केबिनबाहेर जमले. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता माझा फोन वाजला.

“उद्या सकाळी आठ,” अनिरुद्ध साहेब म्हणाला. एवढंच, आणि फोन ठेवला.

मी उठून उभा राहिलो. सुंदराला ओरडून सांगितलं. मग जुन्या मंडळींना एकेक फोन लावत बसलो. घाटकोपरचे, मुलुंडचे, अगदी नलिनीबाईंनाही. उद्या या, सगळे या, ऐकण्यासारखं आहे. मधल्या वेळात मालनचे दोन फोन येऊन गेलेले स्क्रीनवर दिसत होते. मालन म्हणजे धाकूची बायको. म्हटलं, धाकूला कळलं असेल, अभिनंदन करत असतील. उद्या भेटूच.

गुरुवारी सकाळी गेटवर सहाशे तरी माणसं होती. पहिल्या पाळीची आत जाणारी, रात्रपाळीची सुटलेली, आणि आमची म्हातारी फौज. साहेबाने कोट घातला नव्हता. दोन्ही हातांत कागद धरला होता. त्याने वाचायला सुरुवात केली.

मागून कुणीतरी ओरडलं, “मोठ्याने, साहेब! मागे ऐकू येत नाही!”

त्याने परत पहिल्यापासून वाचलं. निलेश खरात याने मला तीन वेळा धोका सांगितला होता. मी दुर्लक्ष केलं. नंतर मी चौकशीत खोटं सांगितलं. ‘खोटं’ या शब्दावर त्याचा आवाज फुटला.  मग कुणीतरी शिट्टी मारली, आणि पाठोपाठ हसण्याची लाट आली. टाळ्या नाहीत, नुसतं हसणं. साहेबाची मान खाली गेली ती वर आलीच नाही. मी पुढे होऊन दोन्ही वह्या दीप्तीच्या हातात दिल्या. त्या क्षणी माझ्या छातीत जे भरून आलं तसं सुख मला मुलाच्या लग्नातही झालं नव्हतं. आणि त्या माणसाच्या त्या खाली गेलेल्या मानेबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

निलेश आला नव्हता. मी धाकूला शोधत होतो. तो पुढे उभा राहणार होता.

वाकोल्याचा विशाल म्हणून एक फिटर होता, धाकूच्या चाळीतला. त्याचे डोळे सुजले होते. तो माझ्याजवळ आला.

“काका, काल वहिनीने तुम्हाला फोन केला होता ना?”

मी तिथूनच वाकोल्याला गेलो. मालन भिंतीला टेकून बसली होती. घरात माणसं होती, तरी शांत होतं. तिने मला बघितलं आणि सरकून जागा केली.

“वाचल्यान साहेबान?” तिने विचारलं.

“वाचलं.”

“मगे झाला,” ती म्हणाली, आणि पुन्हा माझ्याशी बोलली नाही. अजून बोललेली नाही.

निलेशला कंपनीने नवीन पत्र दिलं, पहिलं रद्द केलं. त्याला परत बोलावलं, तो गेला नाही. ऑगस्टमध्ये मुलुंडला नोकरी लागली. वेळेवर घरी येतो, मला औषधं आणून देतो. त्या गेटचा विषय निघाला की उठून जातो. अनिरुद्ध साहेबाने राजीनामा दिला असं ऐकलं. व्हिडिओ माझ्या फोनमध्ये अजून आहे, पण मी बघत नाही.

वह्या दिल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, दीप्तीने फोन केला होता. वह्यांवरून यादी सुधारली होती, रात्री ती चौदाही ठिकाणी जाणार होती. दोनशे सत्त्याऐंशी नंबरांवर मुलगे जिवंत झाले होते. ४१८ वरही झाला होता. ती रडत होती. म्हणाली, “काका, मला आता इथे तारीख घालायची आहे. खरी. वहिनींना कसं विचारू?”

मी तिला सांगितली, आणि तीच इथे लिहितो. धाकू बाबाजी राऊळ, वय अठ्ठावन्न, बुधवार दिनांक १२ जून २०२४ रोजी दुपारी सव्वातीन वाजता वाकोल्याला राहत्या घरी वारला.